प्रोसेसरमागचं एक अक्षर : डेस्कटॉपसाठी ग्राफिक्सवाला घ्यावा की बिनग्राफिक्सचा?

"भाऊ, पंखा फिरायलाय, लाइट बी लागायलेत, पण डिस्प्लेच येईना गेलाय."

परभणीत मशीन जोडून द्यायला लागल्यापासून हा फोन मी किती वेळा घेतला, त्याचा हिशेब नाही. बारावीचा निकाल लागला, सोयाबीनचे पैसे आले किंवा गावात नवीन सेवा केंद्र उघडलं, की हे फोन वाढतात. दोन वर्षांपूर्वी जिंतूरकडचा एक मुलगा अख्खं कॅबिनेट चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एसटीने आला होता. सगळे पार्ट ऑनलाइन मागवलेले, जोडणी व्हिडिओ बघून स्वतःच केलेली, आणि खरं सांगतो, वायरिंग माझ्यापेक्षा नीट केलेलं. रॅम काढून घालून झाली होती, बॅटरी काढून बायोस (मशीन चालू होताना बोर्डवर सर्वांत आधी चालणारा प्रोग्रॅम) रिसेट करून झालं होतं, मदरबोर्ड परत पाठवायची तयारीही होती. मी फक्त प्रोसेसरचा डबा मागितला. डब्यावर लिहिलं होतं आय५-१२४००एफ. शेवटचा एफ त्याने वाचला होता, पण त्याचा अर्थ त्याला कोणी सांगितला नव्हता. ग्राफिक कार्ड तो "दिवाळीनंतर" घेणार होता.

मशीनमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं. पडद्यावर चित्र काढणारंच त्यात कोणी नव्हतं.

मॉनिटरवर जे दिसतं ते एकतर वेगळं ग्राफिक कार्ड तयार करतं, नाहीतर प्रोसेसरच्या आतच बसवलेला छोटा ग्राफिक्सचा भाग. दोन्ही नसतील तर मशीन आतून चालू असलं तरी बाहेरून मुकंच. मदरबोर्डच्या मागे एचडीएमआयचं तोंड असतं, त्यावरून लोकांना वाटतं की चित्र बोर्डच देतो. बोर्ड काही देत नाही. ते तोंड थेट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं. आत ग्राफिक्स नसेल तर ते तोंड नळ बसवलाय पण टाकीच नाही, अशातलं.

आधी अक्षर वाचायला शिका

इंटेलचा नियम सोपा आहे. नावाच्या शेवटी एफ किंवा केएफ असेल तर आत ग्राफिक्स नाही. काहीच अक्षर नसेल, नुसता के असेल किंवा टी असेल, तर आहे. ही एफची भानगड २०१९ मध्ये नवव्या पिढीपासून सुरू झाली. त्याआधी इंटेलच्या साध्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स गृहीतच धरलेलं असायचं, म्हणून जुन्या जाणत्या मेकॅनिकचाही इथे पाय घसरतो.

दुसरी कंपनी एएमडी. तिचा जुना एएम४ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा) याच्या बरोबर उलटा. तिथे जी किंवा जीटी असलं तरच ग्राफिक्स आहे: ३२००जी, ५६००जी, ५६००जीटी, ५७००जी. नुसता ५६००, ५५००, ५६००एक्स, ५७००एक्स यांच्यात काही नाही. थोडक्यात, इंटेलला शेपटी लावली की ग्राफिक्स जातं आणि एएम४ ला शेपटी लावली की येतं. दुकानदारसुद्धा चुकतात ते इथेच.

एएमडीच्याच नव्या एएम५ सॉकेटवर पुन्हा नियम फिरला. २०२२ पासूनच्या रायझन ७००० मालिकेत, आणि पुढच्या ९००० मध्येही, जवळपास सगळ्यांत छोटंसं ग्राफिक्स आहे. खेळायला नाही, पण डिस्प्ले येतो, व्हिडिओ चालतो, ऑफिसचं काम होतं. अपवाद एफवाल्यांचा: ७५००एफ, ८४००एफ, ८७००एफ. आणि ८५००जी, ८६००जी, ८७००जी यांच्यात ग्राफिक्स ७००० आणि ९००० मालिकांपेक्षा बरंच दणकट आहे.

एवढं पाठ केलं तरी ऑर्डर देण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचं पान उघडून ग्राफिक्सची ओळ बघा.

मग वहीत काम लिहा

"सगळं करायचंय" हे उत्तर मी घेत नाही. रोज मशीनवर काय चालणार, ते एका ओळीत लिहायला लावतो.

सेवा केंद्र, पीकविम्याचे फॉर्म, सातबारा, टायपिंगचे क्लास, दुकानाचं बिलिंग, शाळेचं ऑफिस, टॅली: इथे विचारच करू नका. आतलं ग्राफिक्स असलेला आय३-१२१०० सारखा चार कोअरचा प्रोसेसर भरपूर झाला. या कामासाठी बिनग्राफिक्सचा प्रोसेसर आणि वर जीटी ७१० किंवा जीटी ७३० सारखं जुनाट कार्ड गळ्यात मारणारे दुकानदार मी पाहिलेत. "दोन जीबीचं ग्राफिक कार्ड आहे" हे ऐकायला भारी वाटतं, पण आजच्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स व्हिडिओ चालवण्यात त्यांच्यापेक्षा पुढे आहे, आणि त्यासाठी वेगळं कार्ड घ्यावं लागत नाही.

लग्नपत्रिका, फ्लेक्स, डीटीपी: कोरलड्रॉ आणि फोटोशॉपला चांगला प्रोसेसर, भरपूर रॅम आणि एसएसडी लागते. कार्ड नसलं तरी अडत नाही. फ्लेक्सच्या मोठ्या फाइल अडकतात त्या बहुतेक वेळा रॅम कमी पडल्यामुळे.

सिव्हिलवाले विचारतात तेव्हा मी उलटा प्रश्न करतो: नकाशे टूडी की थ्रीडी? ऑटोकॅडमध्ये घराचे प्लॅन काढायचे असतील तर आतलं ग्राफिक्स चालतं. लुमिऑनमध्ये बंगला फिरवून दाखवायचा असेल तर कार्डाशिवाय गत्यंतर नाही. शेअर बाजारवाल्यांना दोन-तीन स्क्रीन लागतात. त्यालाही कार्ड लागेलच असं नाही. इंटेलचं बाराव्या पिढीपासूनचं आतलं ग्राफिक्स चार डिस्प्लेपर्यंत चालवतं, फक्त बोर्डाच्या मागे तितकी तोंडं आहेत का ते मोजा.

गेमिंग असेल तर कार्ड हवंच. प्रश्न एवढाच की ते आज घेणार की पुढे. आज, त्याच बिलात घेणार असाल तर एफचा विचार करता येतो. पुढे घेणार असाल तर एफ घेऊच नका. दिवाळीनंतरचं कार्ड गुढीपाडव्यापर्यंत येत नाही, हा माझा अनुभव.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांसाठी थोडं जास्त

मिक्सिंग लॅबवाले माझे जुने गिऱ्हाईक, आणि सर्वांत महाग चूक तेच करतात. त्यांचा हिशेब असा: मशीनमध्ये एनव्हिडियाचं मोठं आरटीएक्स कार्ड बसणारच आहे, मग प्रोसेसर एफ घेऊ, तेवढेच दोन हजार वाचतील.

इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये व्हिडिओ उलगडायचा एक खास भाग असतो, त्याला क्विक सिंक म्हणतात. आजकालचे मिररलेस कॅमेरे एच.२६५ मध्ये (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) १० बिट ४:२:२ असं, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवून, रेकॉर्डिंग करतात. रंग छान मिळतात, पण ते फुटेज उलगडताना मशीनचा जीव जातो. आरटीएक्स ४० मालिका आणि त्याआधीची एनव्हिडियाची कार्डं हा ४:२:२ प्रकार हार्डवेअरमध्ये उलगडतच नाहीत. ती सोय २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेपासून मिळाली. इंटेलच्या बाराव्या पिढीतलं साधं आतलं ग्राफिक्स मात्र हे काम करतं. म्हणजे पंचवीस-तीस हजारांचं कार्ड लावूनही टाइमलाइन अडखळते आणि शेजारच्या लॅबमधलं हलकं मशीन गुळगुळीत चालतं, याचं कारण तो एक एफ असू शकतो.

तेव्हा एडिटिंगसाठी इंटेल घेत असाल तर कार्ड असलं तरी बिनएफचाच घ्या. जमलं तर आय५-१२४०० च्या ऐवजी १२५०० बघा. पहिल्यात आतलं ग्राफिक्स यूएचडी ७३० आहे, दुसऱ्यात यूएचडी ७७०, आणि ७७० मध्ये व्हिडिओची इंजिनं एकाऐवजी दोन आहेत.

पण नुसता घेऊन भागत नाही. कार्ड बसवलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करून टाकतात. बायोसमध्ये जाऊन आयजीपीयू मल्टी-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय चालू करा, विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाका, मग प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्समध्ये मीडियाच्या पानावर हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर टिक आहे का बघा. मानवतच्या एका लॅबमध्ये दीड वर्ष हे बंद पडून होतं. चालू करायला चार मिनिटं लागली, आणि मालकाने त्याबद्दल चहा सोडून काही दिलं नाही.

इंटेल आणि एएमडीत तुम्ही नेमकं काय सोडता

ही बाब बारकाईने समजून घ्या, कारण दोन्हीकडे "ग्राफिक्ससह" याची किंमत वेगवेगळी मोजावी लागते.

इंटेलकडे १२४०० आणि १२४००एफ हे आतून एकच. सहा कोअर, बारा थ्रेड, १८ एमबी कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी), ४.४ गिगाहर्ट्झपर्यंतचा वेग, काहीच फरक नाही. एफमध्ये ग्राफिक्सचा तुकडा बंद केलेला असतो, इतकंच. बाजारात आणताना इंटेलने या दोघांच्या दरात सुमारे २५ डॉलरचं अंतर ठेवलं होतं, म्हणजे आपल्याकडे दोन हजारांच्या आसपास. म्हणून इंटेलच्या बाबतीत मी सरळ सांगतो: ते दोन हजार घाला. एफ घेऊन वेग वाढत नाही.

एएम४ वर तसं नाही. रायझन ५ ५६०० आणि ५६००जी यांची नावं सख्ख्या भावांची वाटतात, पण घडण वेगळी आहे. ५६०० मध्ये एल३ कॅश ३२ एमबी, ५६००जी मध्ये १६ एमबी. ५६०० ला पीसीआयई (प्रोसेसर आणि कार्ड यांच्यातला रस्ता) ४.० मिळतं, ५६००जी ला ३.० वरच थांबावं लागतं. पुढे कार्ड लावून गेम खेळाल तेव्हा 'जी'वाला प्रोसेसर थोडा मागे पडतो. आणि आरएक्स ६५०० एक्सटी सारखं फक्त चार लेनवर चालणारं कार्ड लावलंत तर चांगलाच मागे पडतो. उलट कार्ड नसताना ५६००जी मधलं वेगा ७ ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० च्या कितीतरी पुढे. व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ कमी-मध्यम सेटिंगवर त्यावर बरं चालतं, यूएचडी ७३० कडून अशी अपेक्षा ठेवू नका.

त्यामुळे ज्याला दोन-तीन वर्षं कार्ड घ्यायचंच नाही आणि संध्याकाळी तासभर खेळायचंय, त्याच्यासाठी ५६००जी किंवा ५६००जीटी. ज्याच्या हातात कार्ड आलेलंच आहे, त्याच्यासाठी ५६००. आणि फक्त काम करायचंय, खेळ नाही, त्याच्यासाठी १२१०० किंवा १२४००, बिनशेपटीचा. बजेट वाढत असेल तर एएम५ वर साधा ७६०० घ्या, तिथे निवडीचा त्रासच नाही. फक्त एएम५ ला डीडीआर५ रॅमच लागते, तो खर्च आधी धरा. ८५००जी घेऊन नंतर मोठं कार्ड लावायचा बेत असेल तर थांबा, त्यात कार्डासाठी चारच लेन मिळतात.

मॉनिटरच्या मागे वाकून बघा

हे कोणीच करत नाही. आपल्याकडच्या शाळांत, पतसंस्थांत, सेवा केंद्रांत अजून निळ्या पिनचे व्हीजीए मॉनिटर ढिगाने आहेत, आणि चांगले चालतात. आजच्या नव्या कार्डांना व्हीजीएचं तोंड नसतं, फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. इंटेलसाठीच्या एच६१० चिपसेटच्या बऱ्याच बोर्डांवर मात्र व्हीजीए असतं. म्हणजे जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर ग्राफिक्सवाला प्रोसेसर आणि व्हीजीए असलेला बोर्ड ही जोडी सर्वांत स्वस्तात पडते. नाहीतर कन्व्हर्टर घ्यावा लागतो, आणि स्वस्तातले कन्व्हर्टर उन्हाळ्यात डुलक्या घेतात.

रॅम एक नाही, दोन

आतल्या ग्राफिक्सची स्वतःची मेमरी नसते, ते तुमच्याच रॅममधून वाटा घेतं. एक ३२०० ची डीडीआर४ पट्टी सेकंदाला २५.६ जीबी माहिती पुरवते, दोन पट्ट्या लावल्या की ५१.२. ५६००जी सारख्या प्रोसेसरवर हा फरक डोळ्यांनी दिसतो. एक १६ जीबी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या आणि बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या खाचांतच बसवा, शेजारी-शेजारी कुठेही नाही. एकूण ८ जीबीवर भागवू नका, कारण त्यातली एक-दोन जीबी ग्राफिक्सला गेली की क्रोमच्या चार टॅबवर मशीन धापा टाकतं.

वीज, ऊन आणि स्टेपनी

आता आपल्या भागाचं. पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हे नसतं.

कार्ड नसलेलं कामाचं मशीन साध्या वापरात शंभर वॉटच्या आतच राहतं. सहाशे व्हीएच्या यूपीएसवर, जो साधारण ३६० वॉटचा असतो, ते निवांत दम धरतं, फॉर्म सबमिट करून नीट बंद करता येतं. आरटीएक्स ३०६० हे कार्ड एकटंच १७० वॉटपर्यंत घेतं, ४०६० घेतलं तरी ११५. तोच यूपीएस मग भर गेममध्ये किंचाळून मान टाकतो. घरच्या इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का बघा, नाहीतर लाइट जाताच मशीन रीस्टार्ट होईल. आणि अर्थिंग! अर्ध्या तक्रारी अर्थिंगच्या असतात, पण तो वेगळा विषय.

मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बेचाळीस डिग्रीत कार्डाचा पंखा आणि कापसाची धूळ यांची गाठ पडली की कार्डच आधी दगा देतं. कार्ड वॉरंटीत असलं तरी ते कुरिअरने मोठ्या शहरातल्या सर्व्हिस सेंटरला जातं, आणि परत यायला कधी पंधरा दिवस, कधी महिना. नांदेडवाले निदान सकाळच्या गाडीने सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जाऊन काहीतरी मार्ग काढतात. हिंगोलीच्या किंवा गंगाखेडच्या माणसाने काय करायचं?

अशा वेळी आतलं ग्राफिक्स म्हणजे गाडीची स्टेपनी. कार्ड काढलं, केबल बोर्डाला लावली, मशीन चालू. गेम बंद राहतील, पण धंदा बंद राहत नाही. शिवाय बिघाड कार्डात आहे की दुसरीकडे, हे पाच मिनिटांत कळतं. एफ असेल तर बायोससुद्धा दिसत नाही, दुसऱ्याचं कार्ड उसनं आणावं लागतं. माझ्या टेबलाखाली एक जीटी ७१० फक्त उसनं देण्यासाठी पडून आहे, आणि सहसा ते जागेवर नसतं.

स्टेपनी न घेता गाडी काढावी असा एकच प्रसंग मला मान्य आहे: निव्वळ गेमिंगचं मशीन, कार्ड आजच विकत घेतलेलं, बजेट इतकं तंग की ते दोन हजार वाचवून कार्डाची वरची पायरी गाठता येते, आणि घरात दुसरं एखादं मशीन किंवा लॅपटॉप आहे.

जुनं घेत असाल तर

चौथ्या पिढीच्या आय५ ची रिफर्बिश्ड मशीनं आपल्याकडे फार विकली जातात. त्यात ग्राफिक्स असतं, डिस्प्ले येतो, पण विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सरकारी पोर्टलवर काम करणाऱ्याने ही जोखीम समजून घ्यावी. ऑनलाइन झिऑन ई५ चे (इंटेलचे जुने सर्व्हरचे प्रोसेसर) स्वस्त संचही दिसतात, कोअरचा आकडा बघून पोरं भुलतात. त्या झिऑनमध्ये ग्राफिक्स नसतं. तेरा-चौदाव्या पिढीचा वापरलेला आय७ किंवा आय९ घेताना जरा जपून: २०२४ मध्ये त्यांच्या व्होल्टेजचं दुखणं बाहेर आलं, इंटेलला त्यावर बायोसमार्फत दुरुस्ती द्यावी लागली आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवावी लागली. बिल आणि बायोस अपडेट दोन्ही विचारा.

दुकानात उभं राहून

प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा (डब्याशिवाय सुटा मिळणारा) ते विचारा. बॉक्सला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी मिळते. ट्रेचा स्वस्त पडतो, पण वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर असते आणि कूलर बहुधा वेगळा घ्यावा लागतो.

बोर्डाचं बायोस त्या प्रोसेसरला ओळखतं का, हेही विचारा. एएम४ च्या जुन्या बी४५० बोर्डवर ५६००जी किंवा सुरुवातीच्या एच६१० वर चौदावी पिढी लावली की बायोस अपडेट केल्याशिवाय डिस्प्ले येत नाही. म्हणजे ग्राफिक्स असूनही तोच फोन मला येतो.

जोडणी समोर करून घ्या. कार्ड घेतलं असलं तरी पहिल्यांदा ते न लावताच मशीन चालू करायला सांगा, केबल बोर्डाला. डिस्प्ले आला, विंडोज उघडलं, की टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर खाली जीपीयूपुढे काय नाव येतंय ते वाचा. मग कार्ड बसवा आणि केबल कार्डाला लावा. घरी नेल्यावर पुन्हा बोर्डाला लावू नका. कार्ड असून गेम अडखळतो म्हणून येणाऱ्या दर पाचात एकाची केबल चुकीच्या तोंडात असते.

निघताना जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि त्यावर प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या, शेपटीसकट. "आय५ बारावी पिढी" एवढंच लिहिलेलं बिल परत करा. जिंतूरच्या त्या पोराच्या बिलावर एफ होता, त्यामुळे त्याला भांडताही आलं नाही. तुमच्या बिलावर एफ नसेल आणि डब्यात निघाला, तर निदान भांडता तरी येईल.